बाइंडरकाकांचा घर-बाहेर तक्ता

बाइंडरकाका फलंदाजांची नावं लिहीत नसत. त्यांच्या तक्त्यात बासष्ट फलंदाज होते. सगळे मोठे, सगळ्या देशांचे, काही तर माझ्या जन्माआधीच निवृत्त झालेले. पण नाव एकाचंही नाही. मनगट. लांबटांग्या. गप्प. दगड. पाव्हणा. नावाच्या जागी हे, आणि पुढे सरासरीचे दोन रकाने. घर आणि बाहेर.

"नाव लिहिलं की आकडा वाकतो," ते म्हणायचे. "नाव दिसलं की माणूस आधीच टाळ्या वाजवायला लागतो."

मी त्यांना तीन वर्षं ओळखत होते. ते छापखान्यात पुस्तकं बांधायचे. मी तिथेच प्रुफं तपासायचे. साहित्यात एम.ए. करून दुसरं काही हाती लागलं नव्हतं. पहिल्याच आठवड्यात त्यांनी माझं नाव 'एम.ए.' ठेवलं आणि ते सगळ्या छापखान्यात रुजलं.

"एवढं शिकून काना-मात्रा मोजतेस, एम.ए.?"

"तुम्ही नाही का पानं मोजत?"

"मी मोजत नाही, शिवतो. मोजलेलं चुकलं तर कळत नाही. शिवलेलं चुकलं तर उसवतं. कळतं तरी."

बांधणीची खोली मागच्या बाजूला होती. एक खिडकी, तीही बंद. वाऱ्यानं सुटी पानं उडतात म्हणून. आत खळीचा आंबट वास. कापायच्या यंत्राचं पातं खाली आलं की कागदाची भुकटी उडायची आणि काका खोकायचे. चाळीस वर्षं ते ती भुकटी आत घेत होते. कुणीच कधी खिडकी उघडली नाही. मीही नाही.

रविवारी ते स्कोअरर असत. कंपन्यांच्या संघांचे सामने व्हायचे, तिथे. प्रत्येक सामन्याला दोन स्कोअरर लागतात, दोन्ही संघांचा एकेक. शेजारी बसायचं, आपापल्या वहीत लिहायचं, षटक संपलं की ताडून बघायचं. एकदा समोरच्या संघाचा माणूस येणार नव्हता. काका शनिवारी माझ्या टेबलापाशी आले.

"अक्षर बरं आहे तुझं. उद्या चल."

"मला क्रिकेट कळत नाही, काका."

"कळायला कशाला हवं? मी सांगतो, तू लिही."

मी गेले. ते मैदानाकडे बघायचे आणि सांगायचे. "एक." मी म्हणायचे, "एक," आणि लिहायचे. "शून्य." "शून्य." ते स्वतःच्या वहीतही लिहायचे. षटक संपलं की विचारायचे, "जुळलं?" मी बेरीज करून म्हणायचे, "जुळलं." डाव संपला की वह्या अदलाबदल करायच्या आणि एकमेकांच्या वहीवर सही करायची. सही झाल्याशिवाय डाव संपला असं ते मानत नसत.

खरं तर दोन्ही स्कोअररनी मैदानाकडे बघायचं असतं. म्हणूनच दोघं असतात. हे मला कुणी सांगितलं नाही. एकदा मी मान वर करून बघायला लागले तर काका म्हणाले, "तू वहीत बघ. दोघंही बघत बसलो तर लिहिणार कोण?" मला ते पटलं. तीन वर्षं मी दर रविवारी सामन्याला गेले आणि सामना जवळजवळ पाहिलाच नाही. आमच्या वह्या मात्र एकदाही चुकल्या नाहीत. त्याचा आम्हा दोघांनाही अभिमान होता.

तक्त्याचं कामही तसंच चालायचं. जुन्या वार्षिकांतून ते धावा वाचत, मी लिहीत असे. मध्येच माझी परीक्षा घ्यायचे.

"हा बघ. घरी चौसष्ट, बाहेर सदतीस. आणि हा, घरी अठ्ठेचाळीस, बाहेर सत्तेचाळीस. कुठला घेशील?"

"पहिला. चौसष्ट म्हणजे केवढे!"

"झालं. तू घरच्या मैदानावर तिकीट काढून बसणारी. त्या चौसष्टमध्ये अर्धे खेळपट्टीचे आहेत. तिची माती, तिची उसळी, लहानपणापासून पायाखालची. आईच्या हातचं जेवून शतक मारलं, त्यात काय मोठं? विमानातून उतरल्यावर काय केलंस ते सांग."

"मग दुसरा?"

"दुसरा. एका धावेचा फरक. ह्याला कुठेही उभा करा, हा तोच. नाव सांगितलं तर तू नाक मुरडशील. सगळा देश ह्याला कंटाळायचा." हा म्हणजे 'गप्प'. काकांच्या तक्त्यात तो पहिला होता. ज्याचे पुतळे उभारले तो मनगट, एकोणिसावा.

ते नुसती वजाबाकी करून थांबत नसत. दुबळ्या संघांविरुद्धच्या धावा वेगळ्या काढायचे. नाबाद खेळींनी फुगलेली सरासरी सोलून बघायचे. आणि एक गोष्ट त्यांची स्वतःची होती. प्रत्येक दौऱ्याचे ते दोन भाग करायचे. परदेशात उतरल्यापासूनचे पहिले तीन आठवडे, आणि नंतरचे दिवस.

"तिसऱ्या आठवड्यानंतर आकडा चढतो," ते म्हणाले. "जवळजवळ सगळ्यांचा. परक्या जागी माणूस तीन आठवड्यांत रुळतो. त्याला उजेड कळतो, वारा कळतो, झोप लागते." मग त्यांनी पेन ठेवलं. "तिला चाळीस दिवस मिळाले. ती रुळली नाही."

ती म्हणजे काकू. मी त्यांना पाहिलं नव्हतं. सहा वर्षांपूर्वी त्या रुग्णालयात चाळीस दिवस होत्या आणि तिथेच गेल्या. भेटायची वेळ दिवसातून एक तास. उरलेला वेळ काका बाहेरच्या बाकावर बसायचे. तिथे कुणीतरी क्रिकेटचं एक जुनं वार्षिक विसरून गेलं होतं. तक्ता तिथे सुरू झाला.

"घरी तिच्या डाव्या हाताला खिडकी होती," काका म्हणाले. "तिथे उजव्या हाताला. चाळीस दिवस ती डावीकडे बघत राहिली. भिंतीकडे. रोज मला म्हणायची, अहो, पडदा सरकवा ना."

एवढंच. पुन्हा तो विषय त्यांनी काढला नाही.

यंदा त्यांच्या छातीनं दगा दिला. आधी खोकला, मग ताप, मग जिन्यात बसून राहिलेले मला सापडले. रुग्णालयात पाच दिवस ठेवलं. डॉक्टर म्हणाले, फुफ्फुसं पुठ्ठ्यासारखी झाली आहेत. सहाव्या दिवशी काकांनी अंगावर कपडे चढवले आणि पलंगावर पाय खाली सोडून बसले. कुणाचंच ऐकेनात. शेवटी घरी प्राणवायूचं यंत्र बसवून सोडलं.

रिक्षातून येताना म्हणाले, "परदेश दौरा आटोपला. पाच दिवस. धावा शून्य."

"तुम्हीच म्हणता ना, खरा फलंदाज बाहेर कळतो?"

"मी फलंदाज कधी होतो गं? मी स्कोअरर. स्कोअररला बाहेरची सरासरी नसते."

त्यांना एक थोरली बहीण होती. निवृत्त परिचारिका, चार तासांच्या अंतरावर राहणारी, दोन्ही गुडघ्यांतून गेलेली. सगळे त्यांना ताईच म्हणायचे. काकांचा तिसरा मजला त्यांना चढवत नव्हता, म्हणून त्यांनी फोनवरून सूत्रं हातात घेतली. बोटाला लावायचं ते छोटं यंत्र मागवलं. रोज संध्याकाळी प्राणवायूचा आकडा घ्यायचा आणि सातला त्यांना कळवायचा.

"ए पोरी, नीट ऐक. अठ्ठ्याऐंशीच्या खाली गेला की मला विचारत बसायचं नाही. गाडी बोलवायची आणि न्यायचं. तो तंगड्या आपटेल. आपटू दे."

"हो, ताई."

"आणि तो काय सांगतो ते मला नको. तू काय लिहिलंस ते सांग. लहानपणापासून ओळखते मी त्याला. ताप असला की थर्मामीटर पाण्यात बुडवायचा."

फोन स्पीकरवर होता. काका पलंगावरून ओरडले, "ताई, मी आठ वर्षांचा होतो तेव्हा!"

"आणि आता मोठा शहाणा झालायस!"

फोन ठेवल्यावर ते बराच वेळ हसत होते. मग खोकत होते. मग म्हणाले, "एम.ए., मला परत तिकडे नेऊ नकोस."

"अठ्ठ्याऐंशीच्या वर राहा, म्हणजे झालं."

"राहतो," ते म्हणाले.

त्यांनी उरलेल्या कागदाच्या दोन छोट्या वह्या शिवल्या. कापडी पाठ, गोल कोपरे. एक हिरवी, एक लाल. हिरवी त्यांची, लाल माझी. आजारी माणसाला हे कशाला, असं मी विचारलं. ते म्हणाले, "एका वहीचा स्कोअर कुणी धरत नाही."

रोज सहाला छापखाना सुटला की मी त्यांच्याकडे जायचे. खोली एकच. खिडकीशी पलंग, दाराशी टेबल. पलंगावर ते खिडकीकडे तोंड करून बसायचे. मी टेबलाशी. ते बोट यंत्रात घालायचे आणि थांबायचे. खालच्या गल्लीतून दुचाक्यांचे आवाज यायचे.

"एक्क्याण्णव."

"एक्क्याण्णव." मी लिहायचे. त्यांच्या पेनाचा आवाज यायचा.

"जुळलं?"

"जुळलं."

सात वाजता ताईंना सांगायचे. त्या म्हणायच्या, "ठीक आहे. टिकलाय." मग आम्ही तक्ता काढायचो.

पहिल्या दिवशी ब्याण्णव. दुसऱ्या दिवशी एक्क्याण्णव. तिसऱ्या दिवशी पुन्हा एक्क्याण्णव. चौथ्या दिवसापासून त्यांनी संडासला जाताना भिंत धरायला सुरुवात केली. पाचव्या दिवशी एक वाक्य दोन तुकड्यांत बोलू लागले. ओठ जांभळट दिसत होते. मी ते पाहिलं. पाहिलं नाही असं मी म्हणू शकत नाही.

"काका, दम जास्त लागतोय का?"

"आकडा काय आलाय?"

"नव्वद."

"मग?" थोडं थांबून म्हणाले, "डोळ्यांवर जाऊ नकोस, एम.ए. डोळे भुलतात. तीन वर्षं काय शिकलीस?"

मी तीन वर्षं हेच शिकले होते. मी पुन्हा वहीत मान घातली.

तक्त्यात आता एकच फलंदाज ठरायचा राहिला होता. पाव्हणा. त्याच्या देशात सामने होणंच थांबलं होतं, त्यामुळे त्याच्या संघाचे घरचे सामने कैक वर्षं दुसऱ्याच देशात व्हायचे. कागदावर घर, प्रत्यक्षात परदेश. ते सामने कुठे धरायचे यावर आमचं वर्षभर भांडण होतं. मी म्हणायचे तिसरा रकाना करू. ते म्हणायचे, तिसरा रकाना म्हणजे पळवाट. माणूस एक तर घरी असतो, नाहीतर बाहेर.

आठव्या संध्याकाळी एक्क्याण्णव लिहून झाल्यावर ते म्हणाले, "पाव्हण्याचे ते सामने घरात टाक."

"का? मैदान तर परकं."

"दर हिवाळ्यात तेच हॉटेल. बहुतेक तीच खोली." श्वास घेऊन म्हणाले, "डोळे मिटूनही खिडकी कुठे आहे हे ज्याला कळतं, तो घरीच."

मी आकडे हलवले. पाव्हणा एकतिसाव्या जागेवरून चोविसाव्यावर आला. पहिल्यांदाच त्यांनी आकड्यापुढे माणसाला झुकतं माप दिलं होतं. मला गंमत वाटली. मी चिडवलंसुद्धा.

"आकडा वाकला, काका."

"वाकला खरा," ते म्हणाले. त्यांनी माझ्याकडे बघितलं नाही.

"आठ दिवस झाले. वह्या बदलायच्या? सही करून टाकू."

"डाव कुठे संपलाय?"

दुसऱ्या दिवशी सहाला मी गेले. माझ्याकडे किल्ली होती. प्राणवायूचं यंत्र चालू होतं, तेवढाच आवाज. काका खिडकीकडे तोंड करून बसलेले, पाठीशी उशी. मी म्हणाले, "चला, बोट घाला." मग जवळ गेले. हात गार होता.

कोपऱ्यावरचे डॉक्टर वर आले. त्यांनी तपासलं. दुपारी गेले असावेत, म्हणाले.

"आकडे घेत होतात ना रोज?"

मी लाल वही दिली. त्यांनी पान बघितलं. मग काकांचे ओठ बघितले, नखं बघितली. पुन्हा पान बघितलं.

"काल संध्याकाळी एक्क्याण्णव?"

"हो."

"तुम्ही स्वतः बघितला?"

मी टेबलाकडे बघितलं.

"शक्य नाही," डॉक्टर म्हणाले. "ही अवस्था एका दिवसाची नाही. चार-पाच दिवस आधी आणलं असतं, तर..." त्यांनी वाक्य पुरं केलं नाही. बॅग उघडून कागद काढला.

हिरवी वही काकांच्या मांडीजवळ होती. मी ती उघडली.

पहिल्या दिवशी शहाऐंशी. मग पंच्याऐंशी. चौऱ्याऐंशी. पुन्हा चौऱ्याऐंशी. मग त्र्याऐंशी, एक्क्याऐंशी, ऐंशी. आठव्या दिवशी, ज्या संध्याकाळी पाव्हणा चोविसाव्या जागेवर आला, एकोणऐंशी. नवव्या दिवसापुढे सकाळची वेळ घातलेली, चौऱ्याहत्तर. अक्षर थरथरलेलं, पण आकडा स्वच्छ. पानाच्या तळाशी त्यांची सही. शेजारी दुसऱ्या स्कोअररच्या सहीसाठी आखलेली रिकामी रेघ.

मी दोन्ही वह्या टेबलावर शेजारी शेजारी ठेवल्या. एकही ओळ जुळत नव्हती.

मोठ्यानं खोटं बोलणं त्यांना जमलं होतं. वहीत खोटं लिहिणं जमलं नव्हतं. आणि मला तेव्हा कळलं की तीन वर्षं आमच्या वह्या का जुळत होत्या. दोन्ही वह्यांत एकाच माणसाचे डोळे होते. मी कधी कशाचीच साक्षीदार नव्हते.

डॉक्टरांच्या कागदावर मृत्यूचं ठिकाण विचारलं होतं. घर, रुग्णालय, इतर. त्यांनी विचारलं नाही. 'घर'वर खूण केली आणि कागद माझ्याकडे दिला.

सात वाजले. मी ताईंना फोन केला. त्यांनी नेहमीसारखं विचारलं, "किती?"

मी सांगितलं. आकडा नाही. जे झालं ते.

दुसऱ्या दिवशी सकाळी ताई आल्या. प्रत्येक मजल्यावर थांबत, कठडा धरून, एकेक पायरी दोन्ही पावलांनी. मी हात द्यायला खाली गेले. त्यांनी घेतला नाही. वर येऊन त्या भावाजवळ बसल्या. त्याची नखं बघितली. चाळीस वर्षं माणसांची नखं बघितलेली बाई. मग म्हणाल्या, "वही आण."

लाल वही द्यावी की हिरवी, हा प्रश्न मला पडला नाही असं नाही. लाल वहीत मी निर्दोष होते. एक्क्याण्णव, नव्वद, एक्क्याण्णव. मशीन बिघडलं असेल, असं म्हणता आलं असतं. ताईंनी कदाचित मानलंही असतं.

मी दोन्ही दिल्या.

त्यांनी आधी लाल वाचली. फोनवर रोज ऐकलेले आकडे. मग हिरवी. पहिल्याच आकड्यावर थांबल्या. मग बोटानं एकेक ओळ खाली आल्या. चौऱ्याहत्तरपाशी बोट टेकवून बसून राहिल्या.

"थर्मामीटर," त्या स्वतःशीच म्हणाल्या.

गल्लीतून दुचाकी गेली. मग त्यांनी माझ्याकडे बघितलं. आवाज चढला नव्हता. चढला असता तर बरं झालं असतं.

"त्याचं मी समजू शकते. त्याला जायचं नव्हतं. तो माझा भाऊ आहे, त्याचा हट्ट मी जन्मभर बघितलाय. तू मला सांग. ह्या टेबलापासून त्या पलंगापर्यंत चार पावलं आहेत. आठ दिवसांत एकदाही तू उठून ते बोट बघितलं नाहीस?"

"नाही."

"मग तुझं लक्ष कुठे होतं?"

"वहीत," मी म्हणाले.

त्यांनी हिरवी वही मिटली आणि पिशवीत ठेवली. लाल वही टेबलावर माझ्याकडे सरकवली.